खटखट सुरू आहे तोवर

योगराजने घरात सर्व्हर बसवला तेव्हा गोडादऱ्यातल्या त्यांच्या सोसायटीत सर्व्हर म्हणजे काय हे एकट्या त्यालाच माहीत होतं. त्यालाही ते नीट माहीत नव्हतं, हे कळायला पुढे बरंच नुकसान व्हावं लागलं.

तसा तो मास्तर. शाळेतला नव्हे. लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या शेडमध्ये, अडलेला माग जो चालू करून देतो त्याला सुरतेत मास्तर म्हणतात. हे काम त्याला खरंच येत होतं आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला. एक यंत्र कळलं की जगातली बाकीची यंत्रं त्याचीच भाऊबंद, असं या माणसाला वाटायचं. शेजाऱ्यांची पाण्याची मोटार, मेव्हण्याचा इन्व्हर्टर, बायकोचा मिक्सर, सगळ्यांच्या पोटात त्याचा हात जाऊन आलेला. मिक्सर त्या दिवसापासून एकाच वेगाने फिरतो. त्याची बायको सुषमा चटणी करताना मिक्सर दोन्ही हातांनी दाबून धरते आणि काही बोलत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस शब्द जपून वापरतो.

सर्व्हर म्हणजे भंगारातून आणलेला एक जुना कॉम्प्युटर आणि त्यात बसवलेल्या चार हार्ड डिस्क. घरात त्याला सगळे पेटी म्हणायचे. पेटी हॉलमध्ये योगराजच्या वडिलांच्या, हिलाल आप्पांच्या, खाटेच्या उशाशी ठेवली होती, कारण रिकामा प्लग तिथेच होता. मग त्याने नात्यागोत्यातले फोन रिकामे करायला घेतले. फोन हरवतो, फुटतो, मोरीत पडतो. इथे टाकलेली वस्तू कुठे जात नाही, असं तो प्रत्येकाला ऐकवायचा आणि पेटीवर थाप मारायचा. विकाऊ म्हशीच्या पाठीवर मारतात तशी.

बहिणीचा, जयश्रीचा, फोनही त्याने असाच रिकामा केला. त्यात आईची गाणी होती. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशी घरांत कानबाई देवी बसते, बायका तिच्यापुढे गातात आणि सोमवारी तिला वाजतगाजत पोचवतात. आईकडे, म्हणजे शोभाबाईंकडे, कानबाईची जी गाणी होती ती त्यांना त्यांच्या आईकडून आलेली, अस्सल अहिराणीतली, आणि ते आधी राहायचे त्या लिंबायतमधल्या बाकीच्या बायकांना त्यांतली अर्धीही येत नव्हती. एका उन्हाळ्यात दुपारच्या वेळी, तिथल्या अजून न सोडलेल्या जुन्या खोलीत, खालचे माग चालू असताना जयश्रीने आईसमोर बसून ती सगळी रेकॉर्ड करून घेतली. योगराजने त्याच दिवशी ती पेटीत टाकली आणि फोनमधून पुसली, फोन हँग होत होता म्हणून. पुढच्या थंडीत आई गेली. तेव्हापासून आईच्या आवाजाची जगात एकच प्रत उरली आणि ती योगराजच्या पेटीत होती.

पेटी बसवताना कॉम्प्युटरने त्याला एक प्रश्न विचारला होता. चार डिस्कपैकी एकीएवढी जागा राखीव सोडायची का? म्हणजे उद्या एखादी डिस्क मेली तरी बाकीच्या तिघी मिळून सगळा माल परत उभा करतील. योगराजला हे काही पटेना. आप्पांनी जन्मभर एकाच वेळी कितीतरी माग एकट्याने सांभाळले, लघवीला जाताना शेजारच्याला सांगून गेले. खात्यात बसून खाणारा कारागीर कुणी ठेवत नाही. आणि इथे चौथी डिस्क म्हणे पाय पसरून बसणार, का, तर उद्या कुणी मेलं तर! त्याने चौघींना कामाला जुंपलं. प्रत्येक फाइलचे तुकडे होऊन चारही डिस्कवर जायला लागले. जागा केवढी वाढली हे त्याने दोन दिवस येईल त्याला सांगितलं.

होळीच्या सुमारास पेटीतून आवाज यायला लागला. आधी टिकटिक, मग खटखट, थांबून थांबून, पण लयीत.

दुसऱ्या कुठल्याही घरातली माणसं दचकली असती. हे घर दचकलं नाही. या लोकांचा जन्म लिंबायतमध्ये लूमच्या खात्यावरच्या खोलीत गेलेला. तिथे फळीवरची भांडी दिवसरात्र थरथरायची, बाळं त्याच ठेक्यावर झोपायची आणि शेजारी बसलेल्या माणसाशीही लोक नदीच्या पलीकडे असल्यासारखे बोलायचे. गोडादऱ्याला चांगला फ्लॅट घेतला आणि पहिल्यांदा शांतता वाट्याला आली. ती कुणालाच मानवली नाही. आप्पांना तर मुळीच नाही. त्यांनी उमेदीची सगळी वर्षं रातपाळी केली. झोपायचे दिवसा, खालचे माग वाजत असताना. नव्या घरात भर दुपारी छताकडे बघत पडायचे. ही खटखट सुरू झाली आणि आठवड्याभरात म्हातारा घोरायला लागला. तुमच्या हातून पहिल्यांदा कुणाचं तरी भलं झालं, असं सुषमा म्हणाली, आणि योगराजने ते प्रशस्तिपत्रासारखं घेतलं.

त्याच्या हिशेबात यात काही चूक नव्हतीच. खात्यात वाजणारा माग कमावतो, आणि गप्प झालेल्या मागासाठी मास्तरला बोलावणं येतं. इतक्या वर्षांत कुणी त्याला माग छान वाजतोय म्हणून धावत बोलवायला आलं नव्हतं. पाहुणे विचारायचे, हे काय वाजतंय? "बोलतंय म्हणजे चालतंय," तो सांगायचा. पुढे पुढे पेटीच्या पडद्यावर एक नारिंगी खूण येऊ लागली, खाली इंग्रजीत बारीक काहीतरी लिहिलेलं. ती खूण बंद कशी करायची हे योगराजने बरीच खटपट करून शोधून काढलं आणि बंद केली.

आषाढात जयश्रीचा फोन आला. ती लिंबायतमध्येच दिलेली. तिच्या सासरी कानबाईची गाणी थोरली जाऊ म्हणायची, पण ती आता मुलाकडे नाशिकला राहायला गेली होती. सासूने गल्लीतल्या बायकांदेखत सांगून टाकलं होतं की यंदा जयश्री म्हणेल, शोभाबाईची लेक आहे ती. जयश्री सासरी कधी चारचौघांत तोंड उघडून बोललेली नव्हती. ती हो म्हणाली होती आणि तिला त्याचा आनंदही झाला होता, भीतीही वाटत होती.

"दादा, मायनी गानी धाडी दे," ती म्हणाली. "माले चाली याद शेत, शब्द अर्धाच याद शेत."

दोन मिनिटांत पाठवतो, असं योगराज म्हणाला. पहिलं गाणं लावून बघितलं. आईचा आवाज दुसऱ्या ओळीपर्यंत आला आणि थांबला. पडद्यावर एक गोल फिरत राहिला. दुसरं गाणं उघडलंच नाही. पेटी मात्र नेहमीपेक्षा जोरात वाजत होती.

जयश्रीला त्याने सांगितलं की नेट हळू आहे. दुसऱ्या दिवशी सांगितलं की अपडेट चालू आहे. मग लाइट गेली. त्या आठवड्यात योगराजच्या तोंडून सुरतेची लाइट जितक्या वेळा गेली तितकी ती दहा वर्षांत गेली नसेल. मधल्या वेळात त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ शोधला. त्यातला माणूस सुरुवातीलाच हिंदीत म्हणाला, की डिस्कमधून असा आवाज येत असेल तर ती ताबडतोब बंद करा, हा व्हिडिओसुद्धा पुढे बघू नका. योगराजने तो व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला.

पेटी बंद करायला त्याचं मन घेईना. दुखणं सापडल्याशिवाय यंत्र बंद करतो तो कसला मास्तर? त्याने लांब पेचकस काढला, टोक एकेका डिस्कवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. मागाचं बेअरिंग असंच ऐकतात. चारही डिस्क त्याला सारख्याच ऐकू आल्या, कारण खात्यात राहून राहून त्याचा उजवा कान कधीच कामातून गेला होता आणि ही गोष्ट त्याने स्वतःलाही सांगितलेली नव्हती. मग त्याने सगळे स्क्रू आवळले. पंख्यातली धूळ फुंकली, ती सुषमाने नुकत्याच घडी घातलेल्या कपड्यांवर बसली. शेवटी त्याला आठवलं की माग फार हादरायला लागला तर त्याच्या पायाखाली रबर देतात. आप्पांची जुनी चप्पल कापून त्याने प्रत्येक डिस्कखाली चार-चार तुकडे दिले.

आवाज एकदम खाली आला. योगराजने कमरेवर हात ठेवून सुषमाला हाक मारली. तेवढ्यात आप्पा दुपारच्या झोपेतून ताडकन उठून बसले.

"मशीन कोनी बंद करं?" त्यांनी विचारलं.

योगराजने विजयी मुद्रेने आईचं गाणं लावलं. ते दुसऱ्या ओळीवर येऊन थांबलं. सुषमा म्हणाली, खोकणाऱ्याच्या तोंडात बोळा कोंबला म्हणून खोकला बरा होत नाही. आप्पांची दुसरी चप्पल तिने उचलून आत नेऊन ठेवली.

आता बिघडलेली एक डिस्क काढून टाकावी आणि बाकीच्या तिघींवर काम चालवावं, असं त्याच्या मनात आलं. त्याने एकीची वायर ओढली. पेटी पूर्ण रिकामी दिसायला लागली. गाणी नाहीत, लग्नांचे फोटो नाहीत, काहीच नाही. वायर परत लावली, दुसरी ओढली, तेच. चारही डिस्क हातात हात घालून उभ्या होत्या आणि एकीशिवाय बाकीच्या तिघींना एक अक्षर बोलता येत नव्हतं. तेव्हा त्याला तो राखीव जागेचा प्रश्न आठवला आणि तोंडचं पाणी पळालं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. याने एकही बैल रिकामा ठेवला नाही, म्हणून बुडाला.

स्टेशनकडे एका काचेच्या दुकानात मेलेल्या डिस्कमधून माल काढून देतात, असं कळलं. योगराज पेटी रिक्षात मांडीवर घेऊन गेला. दुकानातल्या माणसाने ती सुरू केली, कान दिला आणि लगेच वायर खेचली. कधीपासून वाजतेय, त्याने विचारलं. होळीपासून, योगराज म्हणाला. त्या माणसाने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, मग योगराजकडे.

"अवाज आवतो हतो तो बंध केम ना कर्युं?"

आवाज येत होता तर बंद का नाही केलं? या प्रश्नाला उत्तर होतं. आमच्या घरात सगळ्यांना झोप छान लागत होती, हे ते उत्तर. पण काचेच्या दुकानात, एसीखाली, ते देता येईना. त्या माणसाने मग समजावून सांगितलं की आतली सुई अडखळून परत परत ठोकर खाते, त्याचा तो आवाज, आणि अशा ठोकरा खात चाललेली डिस्क स्वतःलाच ओरखडत जाते. जे उरलं असेल ते काढू. काय उरलं असेल ते आत्ता सांगता येणार नाही.

योगराज पेटी तिथे ठेवून रिंगरोडवर आला. साड्यांच्या गठ्ठ्यांनी भरलेले टेम्पो समोरून चालले होते. आईची गाणी आपण आपल्या हाताने, रोज थोडी थोडी, खरवडून काढली आणि वर आल्यागेल्याला तो आवाज कौतुकाने ऐकवला, हे त्याला तिथे उभं राहिल्यावर नीट कळलं. त्याला रडू आलं. एका रिक्षावाल्याने कुठे जायचं म्हणून विचारलं, तर त्याला गोडादरा हे नाव पटकन आठवेना.

घरी पेटीची जागा रिकामी झाली आणि आप्पांचे डोळे पुन्हा छताला लागले. जयश्रीला सांगा, असं सुषमा म्हणाली. योगराज म्हणाला, दुकानातून काय ते कळू दे, तोवर झाकली मूठ सव्वा लाखाची. सुषमा म्हणाली, मूठ कधीची उघडी आहे, तुम्ही तेवढे डोळे झाकून बसलाय. आज तुम्ही नाही गेलात तर संध्याकाळी मी जाते.

तो गेला. जयश्री घरी बसून साडीवर खडे चिकटवत होती. त्याने उभ्या उभ्या सगळं सांगितलं, राखीव जागेसकट, नारिंगी खुणेसकट. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिचा हात चालू होता. खडा, गोंद, खडा, गोंद.

"सगळी गयीत?" तिने विचारलं.

माहीत नाही, तो म्हणाला. तिचा हात मग थांबला. गाण्यांचं राहू दे, ती म्हणाली, मी सासूला काय सांगू? नाशिकहून जावेला बोलावून घेते. आणि मग ती रडली, साडीवर पाणी पडू नये म्हणून मान बाजूला करून. योगराजला भावाने अशा वेळी जे करायचं असतं त्यातलं काहीच सुचलं नाही. त्याने गोंदाच्या बाटलीचं टोपण लावून ठेवलं. पुढच्या खड्याला तिला ते परत उघडावं लागलं.

कानबाई अगदी तोंडावर आली तेव्हा दुकानातून बोलावणं आलं. त्या माणसाने एक पेन ड्राइव्ह हातात दिला. बरंचसं गेलं, थोडं मिळालं, एवढंच तो म्हणाला. योगराजने तो घरी नेऊन लावून बघितला नाही. त्याचा आपल्या हातांवर विश्वास राहिला नव्हता. सुषमाला आणि आप्पांना रिक्षात घातलं आणि तो सरळ जयश्रीकडे गेला. तिची सासू रोटांचं, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांचं, धान्य दळायला गिरणीत गेली होती. कानबाईच्या त्या दळणाचे रोट सगळे भाऊबंद मिळून खातात, म्हणून म्हातारी ते दुसऱ्या कुणाकडे सोपवत नाही. जयश्रीने पेन ड्राइव्ह स्वतःच टीव्हीला लावला. आप्पा टीव्हीच्या अगदी पुढ्यात, कानामागे हात धरून बसले.

पहिलं गाणं पूर्ण आलं. दुसरंही. शोभाबाईंचा आवाज थोडा चिरका, मधे दम घेणारा, आणि मागे खालच्या खात्यातले माग. सुषमाने पदर तोंडाला लावला. आप्पा हलले नाहीत. तिसरं गाणं अर्ध्यावर तुटलं. पुढची उघडलीच नाहीत. जयश्री ओठ हलवत ऐकत होती. ती म्हणाली की कानबाई बसवायचं गाणं आलंय, ते महत्त्वाचं. दोन पूर्ण आहेत, एक अर्धं आहे, त्याचा पुढचा भाग मला थोडा येतो. एवढ्यावर मी उभी राहते, जावेला नको बोलवायला. योगराजने पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं.

यादीत तळाशी आणखी एक तुकडा उरला होता. तिने तो लावला. त्यात आई चाल गुणगुणत होती आणि मधेच योगराजचा आवाज आला, सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये सर्वांत ठणठणीत, कणभरही इजा न झालेला. यंत्रांविषयी बोलताना तो नेहमी पुस्तकी बोलायचा. "जया, उरकलं की फोन इकडे आण. पेटीत टाकतो. तिथे टाकलेली वस्तू शंभर वर्षं कुठे जात नाही." मग पाय वाजले, तो बाहेर गेला असावा. आईचं गुणगुणणं थांबलं. ती आवाज खाली करून बोलायला लागली, म्हणजे मागांच्या वर ऐकू येण्याइतकाच खाली.

"दी टाक तेले फोन. तो जठे हात घालस तठे बिघाडस, माले म्हाईत शे. पन नही म्हनू नको, बेटा. तेले वाईट वाटी."

त्यावर दोघी हसल्या, मायलेकी, आणि तुकडा तिथेच संपला.

टीव्हीच्या पडद्यावर काही नव्हतं, तरी सगळे तिकडेच बघत राहिले. योगराजच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"तुले म्हाईत व्हतं?" त्याने विचारलं.

"मी समोरच व्हतू ना," जयश्री म्हणाली.

"मंग फोन कसाले दिधा?"

जयश्रीने पेन ड्राइव्ह काढून मुठीत धरला.

आप्पांना शेवटचं नीट ऐकू आलं नव्हतं. ते तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होते. "काय बोलनी ती?" त्यांनी विचारलं.

योगराज उठला, त्यांच्या खुर्चीशी वाकला आणि कानात मोठ्याने म्हणाला, "माय म्हनस, योगा जठे हात घालस तठे बिघाडस."

"बराबर बोलनी," आप्पा म्हणाले. "आनखी काय बोलनी?"

योगराजने तोंड उघडलं. पण पुढचं वाक्य त्याला काही केल्या म्हणता येईना. ते मग जयश्रीने आप्पांना सांगितलं.